तय्यबजी घराण्याची वही



इतिहासाच्या शिक्षकाला लोक सहसा तारखा विचारतात. गेल्या उन्हाळ्यात मात्र पौडच्या बाजारात भेटलेल्या एका पालकांनी मला निराळाच प्रश्न केला. त्यांची मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. तिला विज्ञान शाखेसाठी पुण्यास पाठवावे, वसतिगृहात ठेवावे, असे मी त्यांना सुचविले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, पैशाचं काहीतरी बघता येईल. पण शिकून लांब गेलेली लेकरं आपली राहतात का, ते तुमच्या इतिहासात कुठं लिहिलंय का तेवढं बघा."

बाजारात उभ्या उभ्या देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ती मुलगी वर्षभर घरीच राहिली. शिवणकाम शिकते असे कानावर आले. आता पुन्हा प्रवेशाचे दिवस जवळ येत आहेत, आणि सोसायटीने स्मरणिकेसाठी लेख मागितला आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे माझ्या परीने उत्तर लिहावे म्हणून ही लेखणी हाती घेतली.

आपल्या मुळशीच्या माणसाला प्रगती या शब्दाची थोडी धास्ती वाटते, आणि ती विनाकारण नाही. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा मावळातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. शेतकऱ्याला कोणी नीट विचारले नाही. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट हे एडिंबरोला जाऊन यंत्रशास्त्र शिकलेले गृहस्थ होते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. विलायतेत शिकलेला हा माणूस परत येऊन मावळच्या भातखाचरांत उभा राहिला, तुरुंगात गेला आणि इथेच लोकांनी त्यांना 'सेनापती' केले. १९२४ पर्यंत सत्याग्रह संपला. धरण झाले. पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरले आणि त्याची वीज मुंबईस गेली. आपल्या भागातली पुष्कळ माणसेही त्याच वाटेने मुंबईस गेली. आज मुंबईचे डबेवाले म्हणून ज्यांचे कौतुक जगभर होते, ते बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर याच भागांतले. दुसऱ्यांच्या घरचे गरम जेवण दुसऱ्यांच्या कचेरीत पोचविण्याचे काम, आपले घर सोडून आलेल्या माणसांनी केले.

म्हणजे लांब जाणे मुळशीला नवीन नाही. प्रश्न एवढाच की, काय बरोबर घेऊन जायचे. ज्यांना शाळा मिळाली नव्हती, ते अंगमेहनत घेऊन गेले. शिक्षण बरोबर घेऊन जाणाऱ्या माणसांचे पुढे काय होते, हे पाहावयाचे तर आपल्याच समाजातील एका घराण्याकडे पाहावे लागेल. ते घराणेही मुंबईचे, परंतु धरणाच्या साठ-सत्तर वर्षे आधीचे.

मुल्ला तय्यबअली हे सुलेमानी बोहरा जमातीचे व्यापारी. घराणे मूळचे खंबायतचे. त्यांना सहा मुलगे होते. त्या काळच्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने यश म्हणजे काय, तर दुकान वाढावे, बाजारात पत राहावी आणि मुलांनी तीच गादी सांभाळावी. तय्यबअलींनी हे सारे मिळविले होते, आणि तरीही मुलगे विलायतेला पाठविले. कमरुद्दीन हा मुलगा १८५८ मध्ये इंग्लंडात सॉलिसिटर झाला. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय. पाचवा मुलगा बद्रुद्दीन. त्याचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा. आधी मदरशात, मग एल्फिन्स्टनमध्ये शिकून १८६० मध्ये, पंधरा-सोळाव्या वर्षी, तो आगबोटीत बसला. सुवेझचा कालवा तेव्हा व्हायचा होता. तो १८६९ चा. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिने लोटत.

पालकहो, या ठिकाणी तुमची भीती मी लपवून ठेवणार नाही. १८६३ मध्ये तय्यबअली वारले. बद्रुद्दीनचे डोळे अधू झाले म्हणून १८६४ मध्ये त्याला शिक्षण अर्धवट टाकून मुंबईस परतावे लागले. घरात वडील नव्हते. इतर कोणी असता तर दुकानात बसला असता आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. तो पुढच्या वर्षी पुन्हा इंग्लंडला गेला आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आला. मुंबई हायकोर्टातला पहिला भारतीय बॅरिस्टर. ज्या बापाने त्याला पाठविले, त्याला हे पाहावयास मिळाले नाही. लेकरू लांब पाठविण्याची किंमत कधी कधी अशीही द्यावी लागते, आणि ती नाही म्हणणे हा इतिहासाशी खोटेपणा होईल.

परंतु पुढे काय झाले तेही पाहा. बद्रुद्दीन तय्यबजींना वकिलीत पैसा आणि कीर्ती दोन्ही मिळाली. एवढ्यावर थांबणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. मोठे भाऊ कमरुद्दीन पहिले अध्यक्ष, आणि बद्रुद्दीन चिटणीस. सर सय्यद अहमद खानांचे अलीगढचे काम याच्या पुढच्या वर्षी उभे राहिले. आज गावोगाव आपल्या सोसायटीसारख्या ज्या लहानमोठ्या संस्था फाटक्या खिशाने शाळा चालवितात, त्यांची वंशावळ लिहावयाची झाली तर वरच्या ओळीत ही अंजुमन येते. बापाने केलेली पत बाजारात होती. मुलाने ती समाजासाठी खर्ची घातली. यशाचा अर्थ एका पिढीत असा बदलला.

१८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. आपल्या पुण्याशी त्यांचा आणखी एक ऋणानुबंध आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मिळत नव्हता. अर्ज न्या. तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. पुण्याच्या शाळांतून हे जितके सांगितले जावयास हवे तितके सांगितले जात नाही, असे माझे मत आहे. असो.

आता मूळ प्रश्न. अशी मुले लांब जाऊ लागली, कोणी लंडनला, कोणी बडोद्याला, कोणी रंगूनला. मग घर टिकले कसे? तय्यबजींनी त्यावर एक साधी युक्ती काढली, आणि मला तर ती हायकोर्टाच्या खुर्चीपेक्षाही मोठी वाटते. त्यांच्या निरनिराळ्या घरांतून एक एक मोठी वही उघडी ठेवलेली असे. तिला ते 'अखबार' म्हणत. त्या वहीत घरातल्या कोणीही लिहावे: पुरुषाने, बाईने, मुलाने, आलेल्या पाहुण्याने. कोण आले, कोण गेले, कोणाला ताप आला, प्रवासात काय पाहिले, कोणत्या गोष्टीवरून वाद झाला. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचून खाली आपले मत टाकावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या वह्या कित्येक दशके चालल्या, आणि आज इतिहासाचे अभ्यासक त्यांतून त्या काळच्या मुस्लिम कुटुंबाचे जीवन वाचतात. ज्या काळात बहुतेक घरांतल्या स्त्रियांना सही करता येत नव्हती, त्या काळात या घरच्या मुली रोजच्या रोज मत नोंदवीत होत्या. घरात नाते टिकवावयाचे तर आधी सर्वांना लिहिता आले पाहिजे, हा त्यातला बारकावा ध्यानात घ्यावा.

याच विस्तृत कुळातली अतिया फैजी ही मुलगी १९०६ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेण्यास गेली. तिची एक बहीण नाझली कोकणातल्या जंजिऱ्याची बेगम होती. अतिया जे पाहील ते उर्दूत लिहून बहिणींना पाठवीत असे. ते लिखाण लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्रात छापले गेले, म्हणजे हिंदुस्थानभरच्या पडद्यातल्या बायकांनी तिच्या डोळ्यांनी लंडन पाहिले. प्रकृतीमुळे तिला १९०७ मध्येच परतावे लागले, अभ्यासक्रम पुरा झाला नाही. परीक्षेच्या निकालपत्रात तिला अपयशी म्हणावे लागेल. पण ते लिखाण १९२१ मध्ये पुस्तकरूपाने आले, आणि तिच्याबरोबर उत्तीर्ण झालेल्यांपैकी कितीजणींची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत?

विद्यार्थी मित्रांनो, पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. सलीम अली हे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. जन्म १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना मुंबईत वाढविले. मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला दटावले नाही, की 'अभ्यास कर' म्हणून हाकलले नाही. चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठविले. मुलाचा प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा असेल, तर ज्याच्या आवाक्यात आहे त्याच्याकडे त्याला पाठवावे. मामांनी केले ते इतकेच, आणि आपल्यातले किती पालक इतकेही करतात?

पुढची वीस वर्षे मात्र रूढ अर्थाने अपयशाचीच होती. कॉलेज अर्धवट. ब्रह्मदेशातला घरचा धंदा बुडाला. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षणातली जागा हुकली. मुंबईच्या म्युझियममध्ये गाइडची नोकरी मिळाली, रजा घेऊन जर्मनीत पक्षिशास्त्र शिकले, परत येऊन पाहतात तो जागाच रद्द झालेली. तेव्हा ते पत्नी तहमिनांसह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात हा बेकार माणूस शिडीला मचाण बांधून तासन्‌तास त्या घरट्यांसमोर बसला आणि वहीत नोंदी करीत राहिला. आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळीला ही घरटी तुम्ही शेकडो वेळा पाहिली असतील. नाव जरी सुगरण असले तरी विणकाम करतो तो नर. तो अर्धे घरटे विणतो, माद्या येऊन तपासणी करतात, एखादीला पसंत पडले की ती राहते आणि उरलेले काम पुरे होते. मग नर जवळच दुसरे घरटे विणावयास घेतो. हे सलीम अलींनी पाहून लिहिले आणि जगाच्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते वारले.

आजोबांच्या पिढीतल्या कोणा व्यापाऱ्याला विचारले असते, की घरातला मुलगा शिडीवर बसून पाखरे मोजतो, तर त्याने कपाळाला हात लावला असता.

आणि उलटही घडते. बद्रुद्दीन यांचे पुतणे अब्बास तय्यबजी बडोद्याच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, राहणी साहेबी. जालियनवाला बागेच्या चौकशीनंतर त्यांनी खादी धरली, आणि १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व वयाच्या शहात्तराव्या वर्षी पत्करून तुरुंगात गेले. नवी वाट धरावयास वय आडवे येत नाही, हे आपल्या सोसायटीच्या वडीलधाऱ्या सभासदांस अदबीने सांगतो.

आज आपल्या मुळशीचे चित्र पालटले आहे. ज्या तालुक्याची शेते धरणात गेली, त्याच तालुक्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. हिंजवडी, माण, मारुंजी ही नावे आता परदेशातल्या कचेऱ्यांतही उच्चारली जातात. पुष्कळांनी जमिनी विकल्या, गाड्या घेतल्या, आणि काही घरांत चार वर्षांत ना जमीन उरली ना पैसा. 'मुळशी पॅटर्न' हा २०१८ चा चित्रपट याच दुखण्यावर निघाला. आपल्यापैकी ज्यांच्याकडे विकण्याइतकी जमीनच नव्हती, त्या शेख, मुलाणी, तांबोळी, अत्तार घरांतली काही मुले त्या काचेच्या इमारतींत आज पहारा करतात, काही गाड्या चालवितात, आणि थोडी, फारच थोडी, वरच्या मजल्यावर संगणकापुढे बसतात. तळमजला आणि वरचा मजला यांत अंतर आहे ते पुस्तकाचे.

संपर्काचे म्हणाल, तर बद्रुद्दीनच्या पत्रांना महिने लागत. तुमची मुलगी वसतिगृहातून रोज रात्री तोंड दाखवून बोलेल. पण फोनवरचे बोलणे हवेत जाते. म्हणून गेल्या वर्षी मी शाळेत एक दोनशे पानी वही आणून ठेवली आणि तिच्यावर 'अखबार' असे लिहिले. बाहेर शिकावयास गेलेले माजी विद्यार्थी सुटीत आले की तिच्यात लिहितात. अक्षर बऱ्याच जणांचे भयंकर आहे. एकाने डिप्लोमाला गणितात नापास झाल्याचे लिहिले आहे, त्याखाली दुसऱ्याने त्याला आपल्या वह्या देऊ केल्या आहेत. नर्सिंगला गेलेल्या एका मुलीने लिहिले आहे की, पहिल्या महिन्यात ती रोज रडली, दुसऱ्या महिन्यापासून वेळ मिळाला नाही, आणि पहिला पगार झाला की अब्बांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करावयाचे आहे.

बाजारात मला प्रश्न विचारणारे ते पालक हा लेख वाचतील अशी आशा आहे. ती वही कचेरीत कपाटावरच असते. मुलीला घेऊन या, तिलाही वाचू द्या. प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला लागेल. उत्पन्नाच्या दाखल्यास तहसील कचेरीत वेळ लागतो, तो आधी मागावा. शिष्यवृत्तीचे अर्ज मी भरून देईन. शुक्रवारी नमाजच्या वेळेखेरीज मी रोज अकरापासून पाचपर्यंत शाळेतच असतो.