न विकलेली पुस्तकं : लंडन, सप्टेंबर १६६६

रविवार, २ सप्टेंबर, रात्रीचा एक. उरले ६७ तास.

पुडिंग लेनमध्ये थॉमस फॅरिनर या बेकरीवाल्याचं घर पेटलं. आरमाराला बिस्किटं पुरवणारा हा माणूस. उन्हाळा कोरडा गेलेला, घरं लाकडाची, वारा पूर्वेचा आणि जोराचा. लॉर्ड मेयर थॉमस ब्लडवर्थ येऊन पाहून गेला. ही आग एखादी बाई मुतून विझवेल, अशा अर्थाचं काही बोलला आणि परत जाऊन झोपला. शेजारची घरं पाडून आग अडवता आली असती, पण घरमालकांना भरपाई द्यायची कोणी?

तिथून जेमतेम किलोमीटरभर पश्चिमेला, सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात, 'किंग्ज आर्म्स' या पाटीखाली जोशुआ कर्टनचं दुकान होतं. आधी थॉमस वॉरनबरोबर भागीदारीत, मग एकट्याने, असा त्याचा धंदा वीसेक वर्षं चाललेला. त्या काळी प्रकाशक आणि विक्रेता बहुधा एकच असे. कागद बाहेरून, बराचसा फ्रान्समधून यायचा आणि महाग पडायचा. छपाईचे पैसे आधी मोजायचे, छापलेले ताव न बांधता गठ्ठ्यांत रचून ठेवायचे आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. सॅम्युएल पेपिस हा आरमाराच्या कचेरीतला अधिकारी कर्टनचा नेहमीचा गिऱ्हाईक. कर्टनची पुंजी सात-आठ हजार पौंडांची, असं पुढे पेपिसच्याच रोजनिशीत आलं आहे. ही पुंजी म्हणजे तिजोरीतली नाणी नव्हेत. प्रकाशकाची पुंजी बहुतांशी गोदामात पडलेली असते.

पहाटे तीन. ६५ तास.

पेपिसला मोलकरीण जेनने उठवलं. त्याने खिडकीतून पाहिलं, आग लांब वाटली, पुन्हा झोपला. सकाळी मात्र नदीवर गेला आणि तिथून थेट राजवाड्यावर. घरं पाडा, असा राजाचा हुकूम घेऊन तो परतला. मेयर भेटला तो गळ्यात रुमाल गुंडाळलेला, पुरता गळून गेलेला.

सोमवार, दुपार. ३० तास.

रॉयल एक्स्चेंज, म्हणजे शहराच्या व्यापाराचं नाकच, जळालं. एरवी काही शिलिंगांत मिळणाऱ्या गाडीला चाळीस-चाळीस पौंड मागू लागले. ज्याच्याकडे चांदीची भांडी होती, त्याला एक फेरी पुरली. पुस्तकवाल्याला किती फेऱ्या लागल्या असत्या?

पुस्तकवाल्यांपाशी त्याहून सोपी जागा होती. कॅथीड्रलच्या पोटात सेंट फेथ नावाचं तळघरातलं चर्च होतं, हेच पुस्तकवाल्यांचं पॅरिश. दगडी भिंती, दगडी कमानी, वर एवढं थोरलं देऊळ. गठ्ठे तिथे उतरवले, दारं-खिडक्या बंद केल्या. कर्टनचा मालही तिथेच होता. मला यात मूर्खपणा दिसत नाही. कोणीही हेच केलं असतं, आणि सगळ्यांनी हेच केलं हीच अडचण झाली.

याच वर्षी आपल्याकडे, गोदाकाठी, काय होतं? पाथरी ही वऱ्हाड सुभ्यातली सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, परगणे मोगलांचे. शिवाजी महाराज नुकतेच आग्र्याहून निसटलेले. गोदाकाठी पोथी बोरूने उतरायची आणि कापडाच्या बस्त्यात बांधून ठेवायची पद्धत. एक प्रत गंगाखेडला, दुसरी पाथरीला, तिसरी कोणाच्या तरी सासरी. एक घर जळालं तर एक पोथी जळे. छापखान्याने हजार प्रती केल्या खऱ्या, पण विकल्या जाईपर्यंत त्या एकाच छपराखाली. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याच्या मराठी 'क्रिस्तपुराणा'च्या गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या. त्यांतली एकही छापील प्रत आज ठाऊक नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरलेल्या नकलांमुळे.

मंगळवार, दुपार. ८ तास.

चीपसाइड हा बाजाररस्ता पेटला. सेंट पॉलच्या आवारात लोकांनी आणून टाकलेल्या सामानाचे ढीग लागले होते. कॅथीड्रलला दुरुस्तीसाठी लाकडी परांची बांधलेली. आठवड्याभरापूर्वीच वास्तुकार ख्रिस्तोफर रेन वगैरे मंडळी इमारत पाहून गेली होती.

मंगळवार, रात्री आठ.

छप्पर पेटलं. वरचं शिसं वितळून रस्त्यांवरून वाहू लागलं, दगड तडकून उडू लागले. वेस्टमिन्स्टरच्या घाटावर विल्यम टॅस्वेल हा शाळकरी मुलगा उभा होता. नऊच्या आधीच एवढा उजेड पडला, की खिशातलं टेरेन्सच्या नाटकांचं चिमुकलं पुस्तक त्याला सहज वाचता आलं.

तळघराचं काय झालं, ते कर्टनच्या एका नातेवाइकाने महिन्याभराने पेपिसला सांगितलं. आवारातलं सामान पेटलं, ती आग खिडक्यांतून सेंट फेथमध्ये शिरली, गोदामांच्या दारांना लागली आणि पुस्तकांच्या धगीने खांबच गेले. बाकी ठिकाणचे तसेच खांब उभे राहिले. इथले कोसळले, कारण इथे कागद होता. जॉन इव्हलिन हा दुसरा रोजनिशीकार लिहितो, ती पुस्तकं आठवडाभर जळत होती.

नुकसानीचे आकडे ज्याचे त्याचे. नातेवाईक म्हणे पन्नास हजार पौंडांच्या वर, डग्डेल नावाच्या गृहस्थाकडून पेपिसने ऐकलेला आकडा दीड लाख, इव्हलिनचा दोन लाख. पुस्तकवाल्यांच्या संघाच्या स्टेशनर्स हॉलमधला मालही गेला. शेक्सपियरच्या नाटकांचा तिसरा फोलिओ तीनच वर्षांपूर्वी बाजारात आलेला. त्याच्या न विकलेल्या प्रती या आगीत गेल्या असं मानतात, म्हणून १६२३च्या पहिल्या फोलिओपेक्षा तो आज दुर्मिळ आहे. पहिल्याच्या प्रती तोवर घरोघर पोचल्या होत्या.

एप्रिल १६६७.

पेपिस नव्या दुकानदाराकडे गेला. रायकॉटचं तुर्कांवरचं पुस्तक, रंगीत चित्रांचं आणि बांधीव, आगीपूर्वी वीस शिलिंगांना मिळायचं. त्याने पंचावन्न मोजले. त्याच महिन्यात मुद्रक सॅम्युएल सिमन्सने कवी मिल्टनशी 'पॅराडाइज लॉस्ट'चा करार केला, हातावर पाच पौंड ठेवून. त्याचं दुकान ऑल्डर्सगेटच्या बाजूला, आगीतून वाचलेलं.

कर्टन दोन-तीन हजारांच्या कर्जात गेला होता. नोव्हेंबरात पेपिसच्या कानावर आलं, की तो वारला. नुकसानीचं दुःख त्याला भोवलं असावं, असं पेपिसला वाटलं.