चालीवरून ओळख: बाई की बुवा?

मे महिन्यात अकोल्याच्या गांधी रोडवर एक चक्कर मारा, नाहीतर अमरावतीच्या जवाहर रोडवर. पारा ४५च्या आसपास. बाया काय, माणसं काय, सगळ्यांनी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, वरून गॉगल. तरी दुकानदार लांबूनच "या ताई", "बोला भाऊ" म्हणतो. कपडे दिसतात, आणि चाल दिसते.

हाच अंदाज आता कॅमेऱ्याला आणि मोबाइलच्या सेन्सरला करायला शिकवतात, म्हणजे कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती जाहिरात दाखवायची ते ठरवता येतं. पण ही खटपट मोबाइलहून जुनी आहे. १९७३ मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी दाखवलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे नुसते ठिपके हलताना दिसले तरी तो चालतोय हे लगेच कळतं. १९७७ मध्ये अमेरिकेत कोझलॉव्स्की आणि कटिंग यांनी विचारलं, या ठिपक्यांवरून बाई की पुरुष हे कळेल का? नुसत्या नाणेफेकीपेक्षा बरं कळलं. मात्र हात हलवण्याची तऱ्हा किंवा वेग बदलला, की ओळख बिघडायची. आता हातात किराण्याची पिशवी आणि कडेवर लेकरू घेतलेल्या बाईचं काय होईल, सांगा बाप्पा!

चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या प्रोग्रामांची गोष्टही अशीच. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी बाजारातले असे तीन प्रोग्राम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! आपल्या वऱ्हाडात गोरे किती, ते तुम्हीच मोजा.

मला मात्र चुकीपेक्षा न विचारणं जास्त खटकतं. वऱ्हाडात १८६७ पासून शिरगणती होतेय. शिरगणतीवाला दारात येऊन विचारतो तरी. २०११ मध्ये स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला 'इतर' हा पर्याय आला, आणि देशभरात ४,८७,८०३ जण त्यात मोजले गेले. २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला. दोनच खाने असलेल्या यंत्रात ही माणसं कुठं बसवणार?

आणि तुमच्या हातातला मोबाइल? अँड्रॉइडमध्ये माइक वापरायचा तर अ‍ॅप तुमची परवानगी मागतं. तुमच्या चालण्याचे हिसके मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर वाचायला ती खिडकी उघडतच नाही.