मेस्डाखचा समुद्र

द हेग नगरातील एका वर्तुळाकार दालनात, अंधाऱ्या बोळातून आणि वळणाच्या जिन्याने वर आलेला प्रेक्षक उजेडात पाऊल टाकताच स्खेवेनिंगेनच्या समुद्रासमोर उभा राहतो. १४ मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर परिघाच्या एकाच पटावर हेंड्रिक विलेम मेस्डाख याने, पत्नी सिन्च्ये आणि ब्राइटनर आदी सहकाऱ्यांच्या साहाय्याने, १८८१ साली चितारलेला हा देखावा खरा वाटावा म्हणून पायथ्याशी वाळू पसरली असून पटाची वरची कड छताआड दडवली आहे. ज्या वाळूच्या टेकडीवरून तो टिपला ती पुढे सपाट झाली; तिच्यावरून दिसणारा किनारा मात्र इथे शाबूत राहिला, आणि माणसे मंचावर खांद्याला खांदा लावून एकमेकांना वाळूत ओढलेली मासेमारीची गलबते दाखवीत असतात.

नेदरलँड्सच्या शुश्रूषागृहांत वृद्धांच्या डोळ्यांवर आज जे आभासी वास्तवाचे चष्मे चढवले जातात, त्यांचे कूळ मला या दालनात दिसते. दृष्टीला भुलवून सुख देण्याची विद्या त्या देशात जुनी आहे. सतराव्या शतकात होख्स्ट्राटेन हा चित्रकार छिद्रातून पाहायच्या पेटीत अवघे घर रंगवी; १६५९ च्या सुमारास हायगेन्स या शास्त्रज्ञाने चित्रे पडद्यावर पाडणारा जादूचा कंदील सिद्ध केला, ज्याची परंपरा १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने आपल्याकडे चालवली.

शुश्रूषेच्या दप्तरी ही विद्या उशिरा रुजू झाली. १९७० च्या दशकात एडे येथील संस्थेत हुल्सेखे आणि फरहूल यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी मंद प्रकाश, संगीत आणि सुगंध यांची ‘स्नुझेलेन’ दालने उभारली, व तीच रीत पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांपर्यंत पोचली. २०१५ च्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या कायद्याने अहोरात्र देखरेख ज्यांना अपरिहार्य, त्यांनाच प्रवेशाचा हक्क ठेवल्यामुळे, बाहेर नेणे सर्वांत कठीण अशीच माणसे आत उरली. डूटिन्खेमच्या शुश्रूषागृहात म्हणूनच बसची आसने मांडून समोरच्या पडद्यांवर झाडांच्या रांगांमधला रस्ता धावता ठेवला, आणि रहिवासी शेजारी शेजारी बसून प्रवास करू लागले.

ही बस मला चष्म्याहून अधिक मोलाची वाटते, कारण मान वळवताच सारा देखावा वळवणारा चष्मा माणसाला त्या देखाव्यात एकटाच सोडतो. तेच दृश्य जवळच्या टॅबलेटवर परिचारिकेलाही दिसेल अशी तजवीज करता येते. ती झाल्यावाचून, आणि ‘आजी, हा कुठला किनारा?’ असे विचारायला कुणी शेजारी बसल्यावाचून, तो चष्मा कोणाच्याही डोळ्यांवर चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.