एका खेळाची मूळ प्रत



जुन्या ग्रंथाची मूळ प्रत हरवली म्हणजे अभ्यासकाला काय यातायात पडते, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. चार ठिकाणच्या चार पोथ्या मिळवावयाच्या, त्यांतील पाठभेद ताडून पाहावयाचे, आणि मूळ कोणतें व क्षेपक कोणतें हें ठरवावयाचें. हें काम शेंकडों वर्षांपूर्वींच्या पोथ्यांपुरतेंच, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या डोळ्यांदेखत निर्माण झालेल्या एका वस्तूवरही हीच पाळी आली. ती वस्तु म्हणजे 'फॉलआउट' नांवाचा व्हिडिओ गेम.

कॅलिफोर्नियांतील इंटरप्ले कंपनीनें हा खेळ १९९७ सालीं प्रसिद्ध केला. टिम केन यांनीं १९९४ सालीं त्याची पायाभरणी जवळजवळ एकट्यानें केली होती. अणुयुद्धानंतर एका भूमिगत निवाऱ्यांत कांहीं लोक तगून राहिले आहेत. तेथील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक भाग निकामी होतो, आणि तसा दुसरा भाग १५० दिवसांच्या आंत शोधून आणण्यासाठीं एका रहिवाशास बाहेर धाडण्यांत येतें. त्याची भूमिका खेळणाऱ्यानें घ्यावयाची. बळ, अवलोकन, सहनशक्ति, मोहिनी, बुद्धि, चपळाई आणि दैव या सात गुणांची वांटणी आरंभींच करावयाची, आणि पुढें त्या वांटणीचीं फळें भोगावयाचीं! बुद्धि अगदींच कमी ठेवली तर पात्राला धड बोलतांही येत नाहीं. उलट, पुरावा गोळा करून नीट युक्तिवाद केला तर शेवटच्या शत्रूला त्याच्या योजनेंतील फोलपणा पटवून देतां येतो, आणि त्याच्याशीं लढावेंच लागत नाहीं. शस्त्राप्रमाणें शब्दालाही किंमत देणारा हा खेळ होता, म्हणूनच तो लोकांच्या मनांत राहिला.

आतां मूळ प्रतीकडे वळूं. खेळ विकला जातो तो यंत्राला कळणाऱ्या भाषेंत. माणसाला वाचतां येईल अशी त्याची संहिता, जिला सोर्स कोड म्हणतात, ती कंपनीच्याच ताब्यांत राहते. १९९८ सालीं केन यांनीं कंपनी सोडली, तेव्हां जवळच्या सर्व प्रती व टिपणें नष्ट करण्याचा त्यांस हुकूम झाला, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. तो त्यांनीं पाळला. मग कांहीं वर्षांनीं त्याच कंपनीकडून विचारणा आली: आमच्याकडील संहिता हरवली आहे, तुमच्याजवळ आहे काय?

२०२५ सालीं या कथेला अनपेक्षित कलाटणी मिळाली. कंपनीच्या एक संस्थापिका रिबेका हाइनमन यांनीं, आपण फॉलआउटच्या संहितेची प्रत जपून ठेविली आहे, असें जाहीर केलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्या निवर्तल्या. कंपनीला जें राखतां आलें नाहीं तें एका व्यक्तीच्या सावधपणानें राखलें.

दरम्यान रसिकही स्वस्थ बसले नव्हते. युरोपांत विकलेल्या प्रतींतून लहान मुलें वगळलीं होतीं. रसिकांनीं तीं परत आणलीं. १९९८ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांतील अर्धवट राहिलेलीं स्थळें व प्रसंग त्यांनीं पुन्हां उभे केले. खेळांत अशी भर घालण्यास मॉडिंग म्हणतात. २०२२ सालीं तर यंत्रभाषा उलगडून दोन्ही भागांची वाचतां येण्याजोगी संहिता नव्यानें लिहिण्यांत आली, आणि ते आजच्या यंत्रांवर चालूं लागले.

येथें पोथीवाल्यांचा जुना प्रश्न उभा राहतो. पहिल्या आवृत्तींत आणखी एक मुदत होती; ती संपली कीं शत्रु निवाऱ्यावर चाल करून येई. दुरुस्त आवृत्तींत कंपनीनेंच ती इतकी लांबविली, कीं नसल्यासारखीच झाली. मग शुद्ध पाठ कोणता? माझ्या मतें सर्वच पाठ राखावे, फक्त कोणता कोणाचा याची नोंद असावी. भर घालणें हा दोष नव्हे. भर मूळ म्हणून खपविणें हा दोष होय.

ही चिंता एका खेळापुरती नाहीं. अमेरिकेंत २०१० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ बाजारांत मिळत नाहींत, असें व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं दाखवून दिलें. असे खेळ ग्रंथालयांनीं संशोधकांस घरबसल्या पाहूं द्यावे, ही मागणी तेथील कॉपीराइट कचेरीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें अमान्य केली. निर्मात्याला त्याच्या श्रमाचें मोल मिळालें पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. परंतु मालकी सांगणें हें एक काम आणि जतन करणें हें दुसरें. जो पहिलें आपल्याकडे घेतो त्यानें दुसरें टाळूं नये. आणि टाळलेंच, तर तें करणाऱ्याचा हात तरी धरूं नये.

ज्या पिढीनें हे खेळ खेळले ती उद्यां आपल्या काळाचा इतिहास लिहूं लागेल. तेव्हां तिच्या हातीं केवळ आठवणी असाव्यात कीं अस्सल साधनें, हें आजच ठरत आहे.