दारातला सौदा आणि मुदतीचा पैसा

जमीन किंवा घर विकत घेण्याचे दोन मार्ग आपल्या भागात फार दिवसांपासून चालत आले आहेत. एक उघड्यावरचा, तेथे चार गिऱ्हाइके येतात आणि भाव ठरतो. दुसरा दारातला. विकणारा अडलेला असतो, त्याला बोभाटा नको असतो. घेणाऱ्यापाशीही पुरती रक्कम नसते. तो इसार देतो आणि बाकीचे पैसे तीन-सहा महिन्यांच्या बोलीने खाजगी सावकाराकडून उचलतो. अशा सौद्यात सर्वांची नजर व्याजाच्या दरावर असते. आमच्या मते खरी मेख दरात नसून मुदतीत आहे, आणि इतिहास तेच सांगतो.

सावकार पेशवाईतही होता. पण कुणब्याची जमीन सहजासहजी त्याच्या घशात जात नसे. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला, रयतवारीत जमीन विकण्याजोगी झाली आणि कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या हाती आला. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचा भाव आला व कर्ज सढळ मिळाले. पुढे भाव उतरले. रोख्यांच्या मुदती मात्र ठरल्या दिवशी भरल्या. १२ मे १८७५ रोजी नीरेपलीकडील सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, उठाव झाला. सप्टेंबरात त्याची ठिणगी आपल्या दक्षिणेस कोकरूडपर्यंत पोहोचली. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे हिसकावून जाळण्यात आले.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा यातूनच निघाला. कर्जाचा मुळापासून हिशेब काढण्याचे काम त्याने कोर्टावर सोपविले आणि दाव्याची मुदत वाढविली. म्हणजे मुदत हेच दुखणे आहे, हे सरकारनेही ओळखले होते.

मुदत-खरेदी हा याच घराण्यातला व्यवहार. कागदावर खरेदी लिहावयाची आणि ‘ठरल्या वेळी पैसे दिल्यास जमीन परत’ अशी बोली करावयाची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हा गहाणाचा एक प्रकार मानला आहे. पण १९२९ च्या दुरुस्तीने असे ठरले की, परतीची अट त्याच दस्तात असली तरच तो गहाण. अट तोंडी असेल किंवा वेगळ्या चिठोऱ्यावर असेल, तर त्याला गहाण म्हणता येत नाही. या एका ओळीच्या अज्ञानापायी माणूस आपली जमीन गमावून बसतो.

आता घेणाऱ्याची बाजू पाहू. साखर कामगारांत काम करताना आम्ही पाहतो, निवृत्तीचा फंड हाती आला की दारातला सौदा चालून येतो. समजा, जागा १० लाखांची आहे. २ लाख इसार स्वतःचा. ८ लाख दरमहा शेकडा ३ ने उचलले. महिन्याचे व्याज २४,००० रुपये, सहा महिन्यांचे १,४४,०००. जागा पुढे ११ लाखांना विकली तरी ४४,००० रुपये पदरचे गेले; मुद्रांक व नोंदणीचा खर्च वेगळाच. आणि गिऱ्हाईक सातव्या महिन्यात आले तर? भाव वाढेल हा अंदाज खरा ठरूनही मनुष्य बुडतो. कारण भाव आपल्या सवडीने वाढतो आणि मुदत आपल्या दिवशी भरते.

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याची सक्ती केली आहे. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मिळकत चौकशीअंती परत देवविण्याचा अधिकारही जिल्हा निबंधकास आहे. तक्रारीपूर्वी १५ वर्षांच्या आत ती गेलेली असावी लागते. हा आधार मोठा आहे. पण फायद्याच्या आशेने स्वखुषीने उचललेल्या पैशाची मुदत कोणताही कायदा लांबवून देणार नाही.

म्हणून सौद्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा फिटणार कशातून? त्यास किती महिने लागतील? कर्जाची मुदत त्याहून लांब आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर जागा कितीही स्वस्त असो, ती सोडून द्यावी. कामगारांची पतपेढी हप्त्याने आणि उशिरा कर्ज देते म्हणून आपण तिच्यावर रागावतो. पण तिचा हप्ता पगाराच्या चालीने चालतो. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो या चालीसाठीच, हे विसरू नये.