घरातला म्हातारा, नवं पिल्लू आणि बाझलचे लांडगे

घरात अकरा-बारा वर्षांचा कुत्रा आहे आणि आता दोन महिन्यांचं पिल्लू आणायचं चाललंय, असं चारचौघांत सांगून बघा. तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘मध्ये पडू नका, त्यांचं ते ठरवतील.’ दुसरा, ‘जेवण आधी म्हाताऱ्याला द्या, घरात बॉस कोण ते पिल्लाला कळलं पाहिजे.’ आणि तिसरा, ‘पिल्लू फारच अंगावर जायला लागलं तर उताणं पाडून दाबून धरा, लांडग्यांत असंच असतं.’

सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लांडगा कधी पाहिलेला नसतो. मग तो त्यांच्या बोलण्यात आला कुठून? गंमत म्हणजे याचा माग अगदी साल आणि पत्त्यासकट काढता येतो. या लेखात तोच काढायचाय. पण हा नुसता गमतीचा इतिहास नाही. या सल्ल्यांच्या नादात घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं दुखणं ‘बॉसगिरी’ म्हणून खपून जातं, आणि त्याची किंमत त्याला शेवटच्या दोन-तीन वर्षांत मोजावी लागते.

बाझलचं कुंपण

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल नावाचा संशोधक लांडग्यांचं निरीक्षण करत होता. १९४७ मध्ये त्याने ते जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. काम मोठ्या चिकाटीचं होतं. कान कुठे वळले, शेपटी किती उचलली, ओठ कसे मागे ओढले, यातून लांडगा काय सांगतो ते त्याने बारकाईने टिपलं. त्याच लिखाणात कळपातल्या चढाओढीचंही वर्णन होतं. एक नर आणि एक मादी सगळ्यांच्या वर, आणि ती जागा टिकवण्यासाठी बाकीच्यांना सतत दाबत राहणं. आज जो ‘अल्फा’ शब्द आपण सर्रास वापरतो, त्याची एक मोठी मुळी इथे आहे.

आता ही जागा डोळ्यांसमोर आणा. साधारण दहा मीटर बाय वीस मीटर. म्हणजे बॅडमिंटनची जेमतेम अडीच कोर्टं, आणि त्यात दहापर्यंत लांडगे. जंगलात लांडग्याचं पोर वयात आलं की घर सोडून लांब निघून जातं आणि स्वतःचा जोडीदार शोधतं. इथे जायला जागाच नव्हती. शेंकेलने जे पाहिलं ते खोटं नव्हतं, पण कोंडलेल्या लांडग्यांबद्दल होतं.

पुस्तकातून दिवाणखान्यात

१९७० मध्ये डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाचं ‘द वुल्फ’ हे पुस्तक आलं. लांडग्यांबद्दल तोवर जे काही माहीत होतं ते सगळं त्याने एका जागी आणलं, शेंकेलचं कामही त्यात आलं. पुस्तक खूप वाचलं गेलं आणि ‘अल्फा’ हा शब्द संशोधकांच्या बाहेर पडला.

पुढची उडी कुत्र्यांच्या प्रशिक्षकांनी मारली. त्यांचा तर्क सरळ होता. कुत्रा लांडग्यापासून आला, म्हणजे घर हा कळप, म्हणून मालकाने अल्फा व्हायचं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू जर्मन शेफर्ड पाळायचे आणि वाढवायचे. १९७८ मध्ये त्यांनी प्रशिक्षणाचं पुस्तक लिहिलं, ते गाजलं, आणि कुत्र्याला उताणं पाडून धरायची शिक्षा त्यातून घरोघरी पोचली. २००२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी हा सल्ला मागे घेतला. पण तोवर तो पुस्तकातून सुटून तोंडोतोंडी झाला होता, आणि तोंडी सल्ल्याची सुधारित आवृत्ती निघत नाही.

दोन कुत्र्यांच्या घरात या सगळ्याला एक खास रूप आलं. दोघांतला ‘बॉस’ ओळखा आणि त्याची बाजू घ्या. जेवण आधी त्याला, दारातून आधी तो, लाड आधी त्याचे.

इकडे मेक स्वतः मात्र पुढे निघून गेला होता. १९८६ पासून तो अनेक उन्हाळे कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्स्मियर बेटावर, रानटी लांडग्यांजवळ राहिला. तिथल्या लांडग्यांना माणसाची भीती नसल्यामुळे त्याला जवळून पाहता आलं. १९९९ च्या पेपरमध्ये त्याने लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांतली पोरं. पुढे कोण चालतं? आईबाप. कारण ते आईबाप आहेत, त्यांनी कुस्ती जिंकली म्हणून नव्हे. अशा ठिकाणी ‘अल्फा’ शब्दाची गरजच काय, असा त्याचा प्रश्न होता. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा अशी विनंती प्रकाशकाला तो पुढे वर्षानुवर्षं करत राहिला.

शेंकेलचा दुसरा पेपर

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग मात्र वेगळा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. बाझलच्या शेंकेलनेच १९६७ मध्ये आणखी एक पेपर लिहिला, लांडगे आणि कुत्रे नमतं घेतात म्हणजे नेमकं काय करतात यावर. त्याने दोन प्रकार वेगळे केले.

एकात कुत्रा अंग चोरून, शेपटी हलवत समोरच्याच्या तोंडाला नाक लावतो, चाटतो. शेंकेलच्या मते हे पिल्लाच्या अन्न मागण्यातून आलं. लांडग्याचं पिल्लू मोठ्यांचं तोंड चाटतं आणि मोठे पोटातलं अन्न बाहेर काढून देतात. दुसऱ्या प्रकारात कुत्रा उताणा पडून स्थिर राहतो. हे आलं त्याहून लहान वयातून, आई पिल्लाला चाटून शी-शू करवते तेव्हाच्या स्थितीतून.

म्हणजे बघा, उताणं पडणं ही मुळात पिल्लाने स्वतःहून केलेली गोष्ट आहे. त्याला कुणी पाडत नाही. पाडून दाबून धरलं तर पिल्लाला मिळणारा अर्थ पूर्ण उलटा, ‘हा मला इजा करणार आहे’. एकाच माणसाचे दोन पेपर. पहिल्यातला अर्धा भाग घरोघरी पोचला, आणि पिल्लांबद्दलचा, घरात खरोखर उपयोगाचा, ग्रंथालयात राहिला.

तुमचं नवं पिल्लू पहिल्या दिवशी म्हाताऱ्याच्या तोंडाशी उड्या मारेल, ओठ चाटेल, मग धपकन उताणं पडेल. ते आगाऊपणा करत नसतं. त्याला येत असलेली एकमेव सभ्य भाषा ते बोलत असतं.

बार हार्बरची पिल्लं

त्याच काळात, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर पाच जातींच्या पिल्लांचा अभ्यास करत होते. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ‘आपले कोण’ हे शिकतं, हा त्यांचा निष्कर्ष आज पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो.

याच प्रयोगशाळेतला १९६१ चा एक प्रयोग फार बोलका आहे. फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली. काही पिल्लांना वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांत आणलं, काहींना चौदा आठवडे आणलंच नाही. ही शेवटची पिल्लं माणसापुढे रानटी जनावरासारखी वागली. भाकरी देणारा हात माहीत नसलेली.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पिल्लाला आई आणि भावंडांत पुरेसे आठवडे मिळायला हवेत, कारण चावा किती जोरात घ्यायचा हे ते तिथेच शिकतं. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायला मनाई आहे. आणि दुसरं, पिल्लू घरी येतं तेव्हा शिकण्याच्या या खिडकीतले थोडेच आठवडे उरलेले असतात. त्या आठवड्यांत म्हाताऱ्याने त्याला चार वेळा फाडून काढलं, तर ‘मोठे कुत्रे भीतीदायक असतात’ हा धडा फार पक्का बसू शकतो. ‘त्यांचं ते ठरवतील’ म्हणून सोडून देणं इथे महागात पडतं.

इतिहासातून गळालेला कुत्रा

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. या गोष्टीत लांडगे आले, पिल्लं आली, साधूसुद्धा आले. म्हातारा कुत्रा कुठेच आला नाही. बार हार्बरला पिल्लं मोजली गेली, बाझलला कळप. कुत्र्याचं म्हातारपण संशोधनात ठळकपणे यायला विसावं शतक संपत आलं. २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाचा एक अभ्यास आला. मेंदूच्या म्हातारपणाची एक तरी खूण, म्हणजे घरातल्या घरात हरवल्यासारखं वागणं, झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं होणं, माणसांशी वागणं बदलणं, घरात शू करणं, अकरा-बारा वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत दिसली. पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांत हे प्रमाण ६८ टक्के होतं.

याच्या जोडीला सांधेदुखी, दात, कमी झालेली नजर आणि ऐकू येणं. आता विचार करा. कंबर दुखणाऱ्या, मागून आलेलं न ऐकू येणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवर तीन किलोचं पिल्लू उडी मारतं. तो गुरगुरतो. बॉसवाला सल्ला सांगतो, ‘बघा, आपली जागा दाखवतोय, दाखवू दे.’ किंवा त्याहून वाईट, घरातलं कुणीतरी त्यालाच ओरडतं. प्रत्यक्षात त्याला दुखलेलं असतं. गुरगुरणं ही त्याच्याकडची सगळ्यात सौम्य सूचना. तीच आपण बंद पाडली, तर पुढची सूचना दातांची असते.

कुत्र्यांत वरचढपणा नसतोच असं मी म्हणत नाही. एका हाडावरून कोण मागे सरतं हे दोन कुत्र्यांत ठरलेलं असू शकतं. पण दुखणं आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

गल्लीतलं कुटुंब

‘पण रस्त्यावरचे मोठे कुत्रे पिल्लांना किती छान सांभाळतात!’ हेही ऐकू येतं. खरं आहे, आणि त्यावरचं चांगलं काम आपल्या देशातच झालंय. पश्चिम बंगालमध्ये कटवा गावात सुनील कुमार पाल यांनी आईबरोबर काही नरही पिल्लांची राखण करतात हे नोंदवलं. आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने आपल्या मुलीच्या पिल्लांची काळजी घेणाऱ्या एका आजीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पण ती आजी होती! तिची त्या पिल्लांशी नात्याची आणि रोजच्या सहवासाची ओळख होती. तुमच्या म्हाताऱ्यासाठी हे पिल्लू पिशवीतून आलेलं परकं पोर आहे. त्याने पहिल्याच दिवशी आजोबा व्हावं ही अपेक्षा आपली, त्याची नाही.

मग करायचं काय?

पिल्लू आणायच्या आधी म्हाताऱ्याला पशुवैद्यांकडे न्या. सांधे, दात, डोळे, कान. दुखणं असेल तर उपचार आधी सुरू करा, पाहुणा नंतर. तो फारच आजारी किंवा गोंधळलेला असेल तर ‘आत्ता नको’ हेही उत्तर असू शकतं.

पहिली भेट त्याच्या अंथरुणाजवळ किंवा वाडग्यापाशी नको. मोकळ्या जागी, दोघांना सैल पट्ट्यावर ठेवून, अंतर राखून बरोबर चालवा. पिल्लाची लसीकरणं साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, त्यामुळे रस्त्याचा कोपरा टाळा. ओळखीच्यांचं अंगण किंवा इमारतीची स्वच्छ गच्ची बरी.

घरात म्हाताऱ्यासाठी एक जागा अशी करा जिथे पिल्लू पोचूच शकत नाही. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्या, म्हणजे ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरत नाही. खेळ थोडा वेळ, तुमच्या डोळ्यांसमोर. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं, उठून गेला, ओठ चाटले, की पिल्लाला उचला. तो गुरगुरेपर्यंत थांबू नका, आणि गुरगुरला तर त्याला रागावू नका. एक साधं गुरगुरणं, पिल्लू थबकलं, संपलं, हे ठीक आहे. गुरगुरणं रोज वाढत असेल तर ठीक नाही. पहिले काही आठवडे दोघांना एकटं सोडून बाहेर जाऊ नका. आणि रोज थोडा वेळ फक्त म्हाताऱ्याचा ठेवा, जुन्या वाटेवरचा, त्याच्या चालीने.

शेवटी शेंकेलकडून घेण्यासारखी एक गोष्ट. त्याचा निष्कर्ष सोडा, सवय घ्या. एक वही करा. पहिले पंधरा दिवस म्हातारा कधी गुरगुरला, तेव्हा तो झोपेत होता की जागा, पिल्लाचा धक्का त्याला कुठे लागला, एवढंच लिहा. पंधरा दिवसांनी पानं उलटून बघा. दहापैकी आठ वेळा धक्का मागच्या उजव्या पायालाच लागलेला असेल, तर घरात बॉस कोण हा प्रश्न बाजूला ठेवा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा.