वृद्धनिवासाची गुणवत्ता व तिचे मूल्यमापन (महाराष्ट्र)

ज्येष्ठ व्यक्तींना निवास, भोजन आणि दैनंदिन कामांत साहाय्य पुरवणाऱ्या संस्थेतील काळजी किती सुरक्षित, सातत्यपूर्ण आणि रहिवाशाच्या इच्छेचा मान राखणारी आहे, यावरून वृद्धनिवासाची गुणवत्ता ठरते. महाराष्ट्रात अशा सर्व संस्थांना सरसकट वृद्धाश्रम म्हटले जाते. त्यात निराधारांसाठीचे धर्मादाय आश्रम, मासिक शुल्क आकारणारे निवास, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी केंद्रे आणि ज्येष्ठांसाठी बांधलेली गृहसंकुले अशा भिन्न गोष्टी येतात. सशुल्क वृद्धनिवासांची दर्जानुसार वर्गवारी करून ती जनतेसमोर ठेवणारी शासकीय व्यवस्था राज्यात नाही. त्यामुळे आई किंवा वडिलांसाठी निवास निवडताना पाहणीचे काम प्रत्यक्षात कुटुंबालाच करावे लागते.

पार्श्वभूमी

पुण्यातील 'निवारा' या नावाने परिचित असलेली संस्था एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या दानातून उभी राहिली. निराधार व अपंगांना आसरा देणे हा तिचा मूळ उद्देश होता. वृद्धाश्रम म्हणजे ज्यांना कोणी नाही त्यांची जागा, ही समजूत अशाच संस्थांमुळे रूढ झाली. स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची राज्य शासनाची योजना १९६३ पासूनची आहे. १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. मुंबईत १९९५ साली स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने पुढे नेरळ येथे ज्येष्ठांची वसाहत उभारली, तर पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री' प्रकल्पांनी मध्यमवर्गीय निवृत्तांसाठी स्वतंत्र सदनिकांचा पर्याय रूढ केला.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील लोकसंख्या सुमारे १०.३८ कोटी, म्हणजे ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. मुले परगावी किंवा परदेशी असलेली आणि निवृत्तिवेतन मिळणारी कुटुंबे आता सशुल्क निवासांकडे वळतात. त्यांचा प्रश्न 'आसरा मिळेल का' असा नसून 'काळजी नीट घेतली जाईल का' असा असतो.

कायद्याची चौकट

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ या केंद्रीय कायद्यातील कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निर्धन ज्येष्ठांना सामावून घेणारा वृद्धाश्रम स्थापू शकते. कलमाची भाषा 'करू शकेल' अशी आहे, 'करील' अशी नाही. अंमलबजावणी मंदावण्याचे एक कारण या शब्दयोजनेत आहे. डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्याचे निर्देश दिले. ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु ते मंजूर न होताच व्यपगत झाले.

म्हणून सशुल्क निवासाकडे असलेली कागदपत्रे अनेक निरनिराळ्या कायद्यांखालची असतात. संस्था न्यास असेल तर तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते व तिचे हिशेब लेखापरीक्षित असावे लागतात. रुग्णांना दाखल करून उपचार दिले जात असतील तर शुश्रूषागृह नोंदणीचा प्रश्न येतो. मानसिक आजाराच्या व्यक्तींना ठेवून उपचार करणाऱ्या आस्थापनेला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार नोंदणी आवश्यक आहे. स्वयंपाकघरासाठी अन्नसुरक्षा नोंदणी आणि इमारतीसाठी अग्निसुरक्षा प्रमाणपत्र वेगळे. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दरवर्षी जानेवारी व जुलैत द्यायचे असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा भिंतीवरचा कागद पुरेसा नसतो. यांपैकी कोणतेही प्रमाणपत्र काळजीच्या दर्जाविषयी काहीच सांगत नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने (महारेरा) २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना चाकाच्या खुर्चीला सुलभ दारे, उतार, आधारदांडे व उद्वाहनातील दृकश्राव्य सूचना अशा अटी घातल्या. त्या विक्रीसाठी बांधलेल्या प्रकल्पांना लागू होतात. भाड्याच्या बंगल्यात चालणाऱ्या वृद्धाश्रमाला नाहीत. असे असले तरी कोणत्याही निवासाची इमारत तपासताना त्या मोजपट्टी म्हणून वापरता येतात.

मूल्यमापनाची सुरुवात: गरजेची नोंद

निवास चांगला की वाईट हे रहिवाशाची गरज ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला निर्देशांक उपयुक्त ठरतो. स्नान, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत व खुर्चीतून पलंगावर जाणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा बाबतींत व्यक्ती किती स्वावलंबी आहे, हे त्यात पाहिले जाते. आज सहाही बाबींत स्वावलंबी असलेल्या आईला पाच वर्षांनी स्नानासाठी आणि कदाचित पलंगावरून उठण्यासाठीही मदत लागेल. अनेक निवास केवळ 'स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यां'ना प्रवेश देतात आणि रहिवासी अंथरुणाला खिळल्यास कुटुंबाने त्यास घेऊन जावे, अशी अट अर्जात घालतात. ही अट वाचनात आली नाही तर सर्वांत कठीण काळात स्थलांतराची वेळ येते.

मनुष्यबळ आणि रात्र

स्वागतकक्ष, बाग, मंदिर आणि वाढदिवसांची छायाचित्रे यांवरून गुणवत्तेविषयी फार थोडे कळते. निर्णायक ठरते ती काळजीवाहकांची संख्या आणि तीही एका वेळी प्रत्यक्ष हजर असणाऱ्यांची. एखाद्या निवासात २० रहिवाशांमागे ४ मावशी व मामा असल्याचे सांगितले जाते. पाळी बारा तासांची व प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी धरली तर आठवड्याला २४ पाळ्या उपलब्ध होतात. दिवस-रात्र मिळून भरायच्या पाळ्या १४ असतात. म्हणजे सरासरीने एका वेळी दोनांपेक्षाही कमी माणसे हजर असतात. रात्री एकच व्यक्ती ठेवली तर दिवसाच्या वाट्याला १७ पाळ्या येतात, म्हणजे दिवसा सरासरी अडीचपेक्षा कमी. कोणी आजारी पडले किंवा सणाला गावी गेले की हाही आकडा घसरतो. त्यामुळे 'किती कर्मचारी आहेत' यापेक्षा 'काल रात्री दोन वाजता कोण जागे होते' हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

रात्रीचे महत्त्व यासाठी की वृद्धांचे पडणे बऱ्याचदा पलंग ते शौचालय या वाटेवर घडते. या वाटेवर रात्रभर दिवा असतो का, शौचालयाचा उंबरा किती उंच आहे, आधारदांडा भिंतीत पक्का बसवला आहे की टॉवेल अडकवण्याच्या दांडीलाच आधार म्हटले जाते, बोलावण्याची घंटा झोपलेल्याच्या हाताला लागते का, हे स्वतः पलंगावर बसून पाहता येते. घंटा वाजवून कोणी किती वेळात येते, हे घड्याळ लावून मोजण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

एका भेटीवर निर्णय घेणे अनिश्चित असते. पूर्वसूचना देऊन सकाळी अकराला झालेली भेट आणि न कळवता संध्याकाळी सातला झालेली भेट यांत बरेच अंतर पडू शकते. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी कोण कोणाला भरवत आहे, भरवणारी व्यक्ती उभी आहे की शेजारी बसली आहे, रहिवाशाला नावाने हाक मारली जाते की खाटेच्या क्रमांकाने, हे त्या वेळीच दिसते. रहिवाशांशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलता आले पाहिजे.

औषधे, आहार आणि त्वचा

औषधे कोण देते, ती कुठे नोंदली जातात आणि एखादी मात्रा चुकली तर काय लिहिले जाते, हे नोंदवहीतून कळते. महिनाभराच्या सर्व रकान्यांत एकाच शाईने, एकाच हाताने केलेल्या खुणा आढळल्यास ती वही रोज भरली जात नसण्याची शक्यता असते.

आहारात पदार्थांइतकेच वेळापत्रक महत्त्वाचे आहे. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रात्रीचे जेवण सातला उरकले आणि नाश्ता नऊला मिळाला तर मधे चौदा तास जातात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीसाठी हे अंतर धोक्याचे ठरू शकते. कवळी असलेल्यांना भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून मिळते का, उपवास करणाऱ्यांच्या औषधांचे काय केले जाते, दर महिन्याला वजन नोंदवले जाते का, हे प्रश्न किरकोळ वाटले तरी घटते वजन हे दुर्लक्षाचे लवकर दिसणारे चिन्ह आहे.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असा शुश्रूषेतील प्रचलित संकेत आहे. कूस बदलल्याची नोंद ठेवणारा तक्ता नसेल, तर माकडहाड व टाचांवर शय्याव्रण होण्याचा धोका वाढतो. निवासात सध्या किती जणांना शय्याव्रण आहे आणि ते तेथे आल्यानंतर झाले की रुग्णालयातून घेऊन आले, हे विचारल्यास चांगला व्यवस्थापक उत्तर देतो.

स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांसाठी वेगळे निकष लागतात. त्यांची अस्वस्थता संध्याकाळनंतर वाढते आणि कमी मनुष्यबळाच्या ठिकाणी त्यावर गुंगीच्या औषधांचा किंवा बांधून ठेवण्याचा उपाय केला जाण्याची भीती असते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मनोविकारविरोधी नव्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याच्या कक्षेतील आस्थापनांत एकांतकोठडीस पूर्ण बंदी घातली असून शारीरिक बंधन केवळ तातडीच्या धोक्यात, नोंद करूनच वापरता येते. दुपारी सर्व रहिवासी गाढ झोपलेले दिसणे, हे शांततेचेच लक्षण असेल असे नाही.

करार आणि खर्च

जाहीर मासिक शुल्क आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक पडतो तो डायपर, औषधे, डॉक्टरांची भेट, विशेष मदतनीस आणि रुग्णालयात सोबतीला बसणारी व्यक्ती यांमुळे. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळते, मृत्यू झाल्यास त्या महिन्याच्या शुल्काचे काय, रहिवासी रुग्णालयात असताना खाट राखून ठेवण्याचे पैसे लागतात का, वार्षिक वाढ किती, या गोष्टी लेखी असाव्या लागतात. शासन किंवा आयकर कायद्याखाली नोंदणीकृत धर्मादाय संस्था चालवत असलेल्या वृद्धाश्रमाचे, निवास-भोजनासह दरमहा प्रतिव्यक्ती २५,००० रुपयांपर्यंतचे शुल्क २०१८ पासून वस्तू व सेवा करातून मुक्त करण्यात आले.

रहिवाशाने स्वतः करार वाचून सही केली आहे का, हाही गुणवत्तेचाच भाग आहे. 'थोडे दिवस राहून पाहू' असे सांगून आणलेल्या आईची सही मुलाने करणे सर्रास घडते. जीवरक्षक उपचारांबाबतची इच्छा लेखी नोंदवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली व तिची प्रक्रिया २०२३ मध्ये सुलभ केली. असे पत्र असल्यास निवासाकडे त्याची प्रत असणे उपयुक्त ठरते.

ग्रामीण भागातील निवड: शिरूर तालुका

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील केंदूर, पाबळ यांसारख्या गावांतून तरुण पिढी पुणे शहरात तसेच रांजणगाव व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत कामाला जाते आणि वृद्ध गावातील घरी राहतात. याच तालुक्यातील वढू बुद्रुक येथे लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली 'माहेर' ही संस्था निराधार स्त्रिया व मुलांसह वृद्धांनाही आसरा देते. सशुल्क पर्याय शोधणाऱ्या कुटुंबाला मात्र शहरातील महागडी खोली की शहराबाहेरचा स्वस्त, मोकळ्या हवेतला निवास, असा पेच पडतो.

शहराबाहेरच्या निवासाचे जाहिरातीतील वर्णन हवा, शेती आणि शांतता यांचे असते. तपासायचे असते ते रुग्णालयाचे अंतर, आणि तेही किलोमीटरमध्ये नव्हे तर मिनिटांत. पुणे-नगर रस्त्यावर वाघोली ते शिक्रापूर या पट्ट्यातील संध्याकाळची वाहतूक कोंडी धरून ते मोजावे लागते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. परंतु निवासाकडे स्वतःचे वाहन आणि रात्री ते चालवणारा माणूस आहे का, हा स्वतंत्र प्रश्न उरतो. वीज गेल्यावर प्राणवायू यंत्र व पाण्याचा पंप किती वेळ चालतो, हे भारनियमनाच्या भागात विचारावेच लागते.

अंतराचा दुसरा परिणाम भेटींवर होतो. गावातल्या वृद्धेला शहरातील निवासात ठेवल्यास तिची शेजारीण, भजनी मंडळातील सोबतीण, माहेरची माणसे तिला भेटू शकत नाहीत. मुलाच्या कार्यालयाला जवळ असलेला निवास आईच्या माणसांपासून दूर असतो आणि कोणते अंतर अधिक महत्त्वाचे, याचा निर्णय बहुधा तिला न विचारता होतो.

प्रवेशानंतर

प्रवेशापूर्वीची पाहणी कितीही बारकाईने केली तरी व्यवस्थापन, कर्मचारी आणि रहिवाशाची प्रकृती बदलत राहते. वेगवेगळ्या वारी व वेळी येणारे नातेवाईक असलेल्या रहिवाशाकडे दुर्लक्ष झाल्यास ते लवकर उघडकीस येते. वजन, नखे, तोंडातील स्वच्छता, दंडावरील व मांडीवरील वण, चष्मा व श्रवणयंत्र वापरात आहे का, या गोष्टी प्रत्येक भेटीत पाहता येतात. तक्रार केल्यास आपल्या पश्चात आईला त्रास होईल या भीतीने नातेवाईक गप्प बसतात. त्यामुळे तक्रारींचा अभाव हा दर्जाचा पुरावा मानता येत नाही.

छळ, दुर्लक्ष किंवा बेवारस सोडणे याबाबत १४५६७ या 'एल्डरलाइन' क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत विनामूल्य मार्गदर्शन मिळते. निर्वाहाविषयीचे अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या (प्रांत) दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे चालतात आणि त्यासाठी वकील नेमावा लागत नाही.

अन्य देशांतील पद्धती

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही संस्था निवासांची पाहणी करून सुरक्षितता, परिणामकारकता, आस्था, प्रतिसाद आणि नेतृत्व या पाच कसोट्यांवर अहवाल प्रसिद्ध करते. अमेरिकेत शुश्रूषागृहांना २००८ पासून केंद्रीय यंत्रणेकडून एक ते पाच तारे दिले जातात. मात्र तेथील साहाय्यित निवास या वर्गवारीत येत नाहीत, ते राज्यांच्या अखत्यारीत आहेत. भारतात केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तिनिवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती राज्यांवर बंधनकारक नाहीत.